टेबलटॉप आरपीजी गावात खेळायचंय: नेटवरून काय काय उतरवून ठेवावं?

वीसपैलू
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, भूमिका घेऊन खेळायचा खेळ. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक जण गोष्ट चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली एकेक माणसं होतात. ‘मी भिंतीवर चढतो’ असं कुणी म्हटलं की त्याला ते जमलं का, हे फासे टाकून ठरतं. पट-सोंगट्या लागतातच असं नाही, जिंकणं-हरणंही नाही.

आम्ही पाच-सहा जण आहोत. दोन आयटीआयची पोरं, कृषी केंद्रवाला मित्र, माझी बारावीतली चुलत बहीण आणि अधूनमधून येणारे एक-दोघे. वाचनालयाची वरची खोली मिळते. कापूस वेचणी चालू असली तरी संध्याकाळ मोकळी असते. यूट्यूबवर लोकांना खेळताना पाहून पाहून सगळ्यांना हौस आलीय, पण घोडं सुरुवातीलाच अडलंय.

अडचणी सांगतो. रेंज गच्चीच्या एका कोपऱ्यात येते, खोलीत नाही. लाइटचा भरवसा नाही. तीन-चारशे पानांचं इंग्रजी पुस्तक कुणी वाचणार नाही. खर्च करायला हरकत नाही, पण आधी खेळ जमतो का ते बघायचंय. म्हणून विचारतो: असं काय आहे जे एकदा तालुक्याला जाऊन डाउनलोड केलं, झेरॉक्स काढली आणि खोलीत बसून नेटशिवाय चालवलं?

मेळघाट_मोड
स्वागत! परतवाड्याहून.

सगळे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चंच नाव घेतील. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढलेला हा खेळ, बाकीचे बहुतेक त्याच्याच पोटातून निघालेले. सध्या तो विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे आहे. छापील पुस्तकं महाग, पण नियमांचा गाभा फुकट आणि कायदेशीर मिळतो. त्याला एसआरडी म्हणतात. जानेवारी २०२३ मध्ये कंपनी जुना खुला परवाना बदलायला निघाली, जगभरचे खेळाडू चिडले, आणि त्याच महिन्यात कंपनीने माघार घेऊन ५.१ आवृत्तीची एसआरडी क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळी केली. २०२५ मध्ये ५.२ आवृत्तीही तशीच आली. मूळचं श्रेय दिलं की भाषांतर करा, छापा, वाटा, कुणी अडवत नाही.

आता खरं सांगतो. त्यातून सुरुवात करू नका. ५.१ ची पीडीएफ चारशे पानांच्या घरात आहे. ती संदर्भासाठी आहे, शिकण्यासाठी नाही. पात्र कसं बनवायचं हे कळेपर्यंत तुमची आयटीआयची पोरं घरी जातील. शिवाय प्रत्येक वर्गाचा (योद्धा, जादूगार असा पात्राचा प्रकार) एकच उपवर्ग त्यात दिलाय, पार्श्वभूमी म्हणून एकटा पुजारीछाप माणूस. उपाशी ठेवलंय मुद्दाम, पुस्तक घ्यावं म्हणून.

माझं मत: एका पानाचा खेळ घ्या. जॉन हार्परचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ फुकट आहे आणि खरोखर एका पानात बसतो. प्रत्येकाला एकच आकडा असतो, २ ते ५ मधला. डोक्याने करायचं काम असेल तर फासा आकड्याच्या खाली यायला हवा, मनाने करायचं असेल तर वर. नेमका तेवढाच आला तर गेम मास्टरला एक प्रश्न विचारायचा, त्याने खरं उत्तर द्यायचं. बस. मूळ गोष्ट अवकाशयानातली आहे. तुम्ही यानाच्या जागी एसटी ठेवा, ड्रायव्हर बेशुद्ध आणि गाडी घाटात. एक संध्याकाळ हमखास निघते.

रातची_लाइन
मूर्तिजापूरकडचा हाओ. मले पाच जन काय, एक बी भेटत नाई, म्हून मी एकटाच खेयतो.

शेतातल्या लाइनचा आठवडा रातचा असला का हरभऱ्याले पानी द्याले रातीच जा लागते. दांडात पानी सोडलं का तासभर काहीच काम नसते, डुकरं नाई आले पाह्यजे फक्त. त्या टायमात मी ‘आयर्नस्वॉर्न’ खेयतो. शॉन टॉमकिन नावाच्या मानसानं २०१८ ले काहाडला. पीडीएफ पुरी फुकट. एकट्यानं, दोघं-तिघं मियून, नाईतर गेम मास्टर घेऊन, तिन्ही रीतीनं चालते.

रीत अशी का एक सहा बाजूचा फासा टाकाचा, त्यात आपला गुन मियवाचा. मंग दहा बाजूचे दोन फासे टाकाचे. दोन्हीच्या वर गेलं तर काम फत्ते. एकाच्याच वर गेलं तर होते, पन काहीतरी गमवा लागते. दोन्हीच्या खाली राह्यलं तर गेले कामातून. ‘होते पन किंमत देऊन’ हे जे मधातलं हाये ना, तिथंच सारी मजा हाये.

आन गेम मास्टर नसला तर गोष्ट कोन सांगनार? त्यासाठी कौल हाये. प्रश्न असा इचाराचा का उत्तर हो नाईतर नाई आलं पाह्यजे. ‘वाड्यात कोनी हाये काय?’ शक्यता निम्मी वाटली तर शंभरात ५१ नाईतर वर आला का हो. नक्कीच असंन असं वाटलं तर ११ नाईतर वर. कठीन वाटलं तर ७६ नाईतर वर लागते. आपल्याच गोष्टीत आपन दचकतो, खरं सांगतो.

दहा बाजूचे फासे मापाशी नाईत. पत्त्यातले इस्पिकचे एक्का ते दश्शी एका गठ्ठ्यात, बदामचे दुसऱ्यात. दोन्हीतून एकेक पान काहाडाचं. शंभराचा आकडा पाह्यजे असला तर इस्पिक दहाचा, बदाम एकाचा, दश्शी म्हंजे शून्य. दोन्ही शून्य आले का शंभर. पान परत गठ्ठ्यात टाकून पिसाचं, नाईतर हिशोब बिघडते.

वीसपैलू
@रातची_लाइन, दांडात पाणी सोडून एकट्याने आरपीजी! भाऊ, यावर वेगळा धागा काढा.

@मेळघाट_मोड, एसटीची कल्पना आवडली. बहिणीला आत्ताच कंडक्टर व्हायचंय.

हिंजवडीतला_वऱ्हाडी
माझी गत उलटी. मी पुण्यात, गडी मेहकरला, त्यामुळे आम्ही ऑनलाइनच खेळतो. त्या बाजूचं सांगतो.

पडद्यावरच्या टेबलाला व्हीटीटी म्हणतात, म्हणजे नकाशा, सोंगट्या, फासे सगळं ब्राउजरमध्ये. रोल२० जुनं, २०१२ पासूनचं, फुकट खातं मिळतं, पण फुकटात चित्रं ठेवायला १०० एमबी जागा. नकाशे हलके करून टाकले तर पुरते. घुबडाच्या नावाचं आऊलबेअर रोडिओ सगळ्यात सुटसुटीत: नकाशा टाका, सोंगट्या सरकवा, नियमांची भानगड नाही. फाउंड्री सगळ्यात ताकदवान. ५० डॉलर, पण एकदाच, आणि फक्त गेम मास्टरने घ्यायचं, खेळाडूंना काही नाही. ते आपल्याच लॅपटॉपवर चालतं. म्हणजे एकदा बसवून परवाना नोंदवला की हॉटस्पॉट चालू करून सगळे त्याला जोडले जाऊ शकतात, बाहेरच्या नेटची गरज नाही. वीसपैलू, हे तुमच्या खोलीत चालू शकेल.

आवाजासाठी डिस्कॉर्ड, हे बोलण्याचं फुकट अॅप. व्हिडिओ बंद ठेवा. मेहकरचा एक गडी टूजीवर घसरला तरी नुसता आवाज बऱ्यापैकी टिकतो.

वीसपैलू
लॅपटॉप नाही हो कुणाकडे. एक आहे तो सेतू केंद्राचा, त्याला हात लावला तर मालक हात तोडेल. सगळे फोनवाले.

हिंजवडीतला_वऱ्हाडी
मग फाउंड्री सोडा. ते मोठ्या पडद्यासाठी बनवलंय, फोनवर हाल होतात. आऊलबेअर फोनवर उघडतं, पण एकाच खोलीत बसणार असाल तर तेही कशाला, कागद घ्या.

एक मात्र सुचवतो. एखाद्या दिवशी सगळे जमत नसतील तर लेखी खेळा. ‘प्ले बाय पोस्ट’ म्हणतात त्याला. टेलिग्रामवर ग्रुप काढा, दिवसभरात जमेल तेव्हा प्रत्येकाने आपल्या पात्राने काय केलं ते लिहायचं. रेंज आली की जातो मेसेज. टेलिग्राममध्ये फाशाचं चिन्ह नुसतं एकटं पाठवलं की तो फासा खरंच फिरतो आणि १ ते ६ मधला आकडा सगळ्यांना तोच दिसतो. कुणाला चलाखी करता येत नाही. गोष्ट मंद चालते, पण कापूस वेचता वेचता विचार करायला वेळ मिळतो.

चिंचोका
फाशांवर मी बोलणार, नावच तसं घेतलंय.

अनेक बाजूंच्या फाशांचा संच ऑनलाइन मागवता येतो, चार, सहा, आठ, दहा, बारा, वीस असे. पण गावात कुरियर येईपर्यंत थांबायचं कारण नाही. गणपतीत खेळतात तो तंबोला घ्या, कुठल्याही जनरल स्टोअरमध्ये मिळतो. १ ते २० नंबर वेगळे काढून पिशवीत टाकले की वीस बाजूंचा फासा तयार. १ ते १२ काढले की बारा बाजूंचा. मात्र डी अँड डी (म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स) मध्ये ‘दोनदा टाका, मोठा घ्या’ असा नियम येतो. तिथे पहिला नंबर परत पिशवीत टाकूनच दुसरा काढायचा. दोन्ही एकदम काढले तर सारखा आकडा दोनदा येऊच शकत नाही आणि शक्यता थोडी सरकते.

‘फेट’ नावाचा खेळ बघा, नियम खुले आहेत. त्याचे फासे वेगळे: बाजू सहाच, पण दोन अधिकच्या, दोन वजाच्या, दोन कोऱ्या. चार टाकायचे आणि बेरीज करायची, उणे ४ ते अधिक ४. ते खास फासे नकोत. साधा फासा घ्या: १-२ वजा, ३-४ कोरा, ५-६ अधिक. हिशोब तंतोतंत तोच.

आणि फासेही नसतील तर आठ नाणी. छापे मोजा, त्यातून ४ वजा करा. तेही उणे ४ ते अधिक ४ होतं. अगदी सारखं नाही: खऱ्या फेटमध्ये शून्य ८१ पैकी १९ वेळा येतं, म्हणजे साधारण २३ टक्के, नाण्यांनी २७. टोकाचा अधिक ४ तिथे ८१ त एकदा, नाण्यांनी २५६ त एकदा. म्हणजे नाण्यांचा खेळ जरा शांत होतो, चमत्कार कमी घडतात.

मेळघाट_मोड
आयडी चिंचोका आणि सल्ला नाण्यांचा?

चिंचोका
फोडलेला चिंचोका पाठीवर पडायचा की पोटावर हे त्याच्या आकारावर असतं, निम्म्याची खात्री नाही. नवीन चिंचोके पाटीवर शंभरदा टाकून मोजा, मग माझ्याशी बोला. कवड्यांचंही तेच. पटावर चालतं, कारण तिथे सगळ्यांच्या हातात त्याच कवड्या. इथे गेम मास्टरला आधी अंदाज हवा की हे काम किती अवघड ठेवायचं.

दंडारवाला
वडशाकडून. सगळं वाचलं. मला एक कळत नाही, ह्याला एवढं परदेशी सामान कशाला? आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात. शंकरपट (बैलांची शर्यत) असला की त्या रात्री गावात नाटक ठरलेलं, रात्रभर लोक बसतात. दंडारीत सोंग घेणारा ऐन वेळी काय बोलेल ते त्यालाच ठाऊक. भूमिका घेऊन गोष्ट पुढे नेणं आपल्याला कुणी इंग्रजीतून शिकवावं लागत नाही. फासे कशाला? सोंग काढा!

चिंचोका
दंडारीत पुढे कोण असतो? ज्याचा गळा मोठा, ज्याला लाज नाही. माझ्यासारखा मागे बसून पेट्रोमॅक्सला हवा मारतो. फासे असले की सरपंचाचा पोरगाही विहिरीवरून उडी मारताना पडतो आणि गप्प बसणारी पोरगी वाघाच्या तावडीतून सुटते. कुणाचं चालणार हे कुणाच्या आवाजावर नाही.

दंडारवाला
हे मान्य. पण मग गोष्टी तरी आपल्या घ्या. बर्फातले ड्रॅगन साकोलीत काय करणार?

सातवी_ब_च्या_बाई
साकोलीचं नाव निघालं म्हणून आले! इथे शाळेत मुलांना खेळवते मी, शनिवारी.

ड्रॅगनच्या जागी मांजर. ‘मॉसरिटर’ नावाचा खेळ आहे, त्यात सगळे उंदीर असतात. पीडीएफला हवी ती किंमत द्या म्हणतात, शून्यही चालतं. मुलांना राईसमिलमागचं धानाचं गोदाम सांगायची खोटी, पुढची गोष्ट तीच रचतात. घुबड, साप, पिंजरा, गळका पत्रा, सगळं ओळखीचं. नियम इतके कमी की चौथीतलं पोर सांभाळतं. तीन गुण: ताकद, चपळाई, मनोबल. वीसचा फासा गुणाइतका किंवा खाली आला की जमलं. हल्ला हुकत नाही, थेट इजेचाच फासा. सामानाचे कागदी चौकोन कापून घ्यायचे आणि पाठीवरच्या खणांत मांडायचे. खण भरले की काहीतरी टाकून द्यायचं. दिवा ठेवायचा की पोळीचा तुकडा, यावर माझ्या वर्गात भांडण होतं, आणि ते भांडण मला हवंच असतं.

मोठ्यांसाठी त्याच धाटणीचा ‘केर्न’ घ्या, यॉखाई गाल यांचा, २०२० चा. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे, अट एवढीच की श्रेय द्यायचं आणि तुमचं भाषांतरही त्याच परवान्याखाली मोकळं ठेवायचं. नियम वीसेक पानांत आटोपतात. मी माझ्यापुरते वहीत मराठीत उतरवून घेतलेत. वीसपैलू, तुम्हाला डी अँड डी नकोच, हे हवंय.

अजून एक, आणि हे फाशांपेक्षा आधी. एक्स-कार्ड. जॉन स्टाव्ह्रोपौलॉस यांची कल्पना, कागदपत्र फुकट आहे, पण कल्पना एका ओळीची: टेबलावर फुली काढलेला कागद ठेवायचा. गोष्टीत कुणाला नको असलेलं काही आलं की त्याने कागदाला हात लावायचा, ते वळण रद्द, कारण विचारायचं नाही. परदेशी चोचले वाटतील. पण आपल्या भागात सावकार, विहीर आणि फवारणीचं औषध या गोष्टी कथेत सहज येतात, आणि ज्याच्या घरात काही घडलंय त्याला त्या सहज नसतात. ते घर कोणतं हे आपल्याला प्रत्येक वेळी माहीत असतंच असं नाही.

हिंजवडीतला_वऱ्हाडी
बाई, +१००. विशेषतः शेवटच्या परिच्छेदाला.

आलेखवही
चंद्रपूरहून. दंडारवाल्यांचा मुद्दा धरून पुढे जातो. गोष्टी आपल्या घ्यायच्या तर त्यांचंही साहित्य नेटवर पडलंय, फक्त ते खेळवाल्यांच्या साइटवर नाही.

पहिलं, नकाशे. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे खुले नकाशे त्यांच्या पोर्टलवरून पीडीएफमध्ये घेता येतात, २०१७ पासून फुकट. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यावर गाव, नाला, टेकडी, तलाव, राखीव जंगलाची हद्द सगळं असतं. ट्रेसिंग पेपर ठेवून षटकोन आखले की भटकंतीच्या कॅम्पेनचा (बऱ्याच बैठका चालणाऱ्या गोष्टीचा) नकाशा तयार. काल्पनिक नकाशा घेऊन ‘ही नदी कुठून येते’ याचं उत्तर शोधत बसावं लागत नाही, पोरांनी ती नदी पाहिलेली असते.

दुसरं, गॅझेटिअर. मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्याचं १९०९ चं गॅझेटिअर इंटरनेट आर्काइव्हवर आहे. वऱ्हाडातल्या जिल्ह्यांचीही सापडतात. आमच्या चंद्रपूरची दंतकथा घ्या: गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला निघाला, तर कुत्रा सशामागे पळायचा सोडून ससाच कुत्र्याच्या मागे लागलेला. सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका. राणीने सांगितलं, ज्या वाटेने ते धावले त्या वाटेवर कोट बांधा. आता याचं करा साहस! पात्रं म्हणजे आखणी करणारे कारागीर, ससा अजून धावतोय, आणि वाट कुणाच्या तरी घरातून जातेय.

लोणार तर तयारच आहे. १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, खारं पाणी, वर गावात दैत्यसूदनाचं देऊळ, लवणासुराला विष्णूने मारल्याची कथा. २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेने क्षारात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे म्हणून सांगितलं, पण तुमच्या टेबलावर कारण दुसरं असू शकतं. गाविलगड घेतला तर १५ डिसेंबर १८०३ ची रात्र घ्या, किल्ला इंग्रजांनी घेतलाय आणि तुम्ही आत अडकलात, बाहेर पडायचंय.

दंडारवाला
आता कसं! ससा मी होणार.

सातवी_ब_च्या_बाई
@आलेखवही, एक पुस्ती जोडते. गॅझेटिअर शोधायला गेलं की त्याच शेल्फवर रसेल आणि हिरालाल यांचे १९१६ चे जाती-जमातींवरचे चार खंडही समोर येतात. तिथून ‘जमाती’ उचलून डी अँड डी सारख्या ‘वंश’ म्हणून पात्रांना लावू नका. गोरा साहेब ज्या नजरेने बघत होता ती नजर त्या पानांत आहे. माझ्या वर्गात गोंड मुलं आहेत. जंगलातले मांत्रिक म्हणून त्यांचे आजोबा गोष्टीत आले तर ती पुढच्या शनिवारी येणार नाहीत, आणि का येत नाहीत तेही सांगणार नाहीत. राजाच्या गोष्टीत राजे गोंडच होते, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच सुधारतं.

आलेखवही
अगदी. दंतकथा आणि नकाशा घ्यावा, माणसांचं वर्णन आपण आपल्या डोळ्यांनी लिहावं.

मेळघाट_मोड
तळघर-भुयाराच्या नकाशांसाठी: वाटाबूची साधनं बघा. एक बटण दाबलं की एका पानाचं भुयार, दुसऱ्यावर अख्खं तटबंदीचं शहर. डॉनजॉन म्हणून आणखी एक साइट आहे, ती भुयारासोबत खोल्यांतलं सामानसुमानही देते. डायसन लोगोस नावाच्या गृहस्थाचे हाताने काढलेले नकाशे तर शेकड्यांनी आहेत. तिन्हींचा मोठा फायदा, काळ्या-पांढऱ्या रेघा. झेरॉक्सवर सुरेख उठतात. रंगीत युद्धनकाशे काढायला गेलात तर झेरॉक्सवाला पानाचे पैसे सांगेल आणि तुम्ही चहा पिऊन परत याल.

अवलिया_२२
एवढं कशाला, टेलिग्रामवर एक चॅनेल आहे, सगळी पुस्तकं फुकट मिळतात. लिंक देतो: [मजकूर काढला]

संपादक
लिंक काढली आहे. चोरीच्या पीडीएफ इथे नकोत.

हिंजवडीतला_वऱ्हाडी
आणि गरजही नाही. ड्राइव्हथ्रूआरपीजी आणि इच डॉट आयओ या दोन दुकानांत ‘हवी ती किंमत’वाले खेळ ढीगभर आहेत. शून्य टाकून घ्या, आवडलं तर परत जाऊन पैसे द्या. डेबिट कार्ड चालत नसेल तर बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतो, तो चालू करावा लागतो. पाथफाइंडरवाल्यांचे तर सगळे नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या साइटवर कंपनीच्या संमतीने उघडे आहेत. पण तो खेळ तुमच्यासाठी नाही, नियमांचं जंगल आहे.

तिसरा_पुरावा
कुणीच गेम मास्टरच्या शिक्षणाबद्दल बोललं नाही, आणि खरी अडचण तीच असते. नियम तासात कळतात, गोष्ट चालवणं नाही.

मॅट कोलव्हिलची यूट्यूब मालिका आहे, २०१६ पासूनची. बोलतो वेगात, पण पहिले चार-पाच भाग वायफायवर डाउनलोड करून ऐकाच. वाचायचं असेल तर ‘द अलेक्झांड्रियन’ ही जस्टिन अलेक्झांडरची साइट. तिथला तीन पुराव्यांचा नियम मी कायम वापरतो: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं, त्यासाठी कमीत कमी तीन पुरावे पेरा. एक त्यांना दिसणार नाही, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतील, तिसरा कामी येईल. गावच्या टेबलावर चौथाही ठेवा, कारण कुणीतरी मधेच म्हैस बांधायला घरी जातो आणि परत येऊन ‘काय झालं?’ विचारतो.

दुसरं, पाच खोल्यांचं भुयार, जॉन फोर यांची युक्ती. दार आणि त्याचा राखणदार, मग कोडं, मग फसगत, मग मोठी झुंज, शेवटी बक्षीस किंवा नवं वळण. खोल्या खऱ्याच असायला हव्यात असं नाही. जुना वाडा घ्या. फाटकावर वाड्याचा म्हातारा नोकर, तो आत सोडत नाही. कुलपाचा आकडा देवघरातल्या समयांच्या मांडणीत. सापडलेली पेटी रिकामी आणि बाहेरून दार लावल्याचा आवाज. मग नोकर कोण आहे ते कळतं. आणि पेटीच्या बुडाशी मोडीतला कागद, जो वाचायला कुणालातरी तालुक्याला गाठावं लागणार. चारेक तासांची बैठक आरामात होते.

रातची_लाइन
हे एकट्याले बी चालते. कालच दार लावलं माह्या मानसावर. अजून अंदरच हाये तो.

वीसपैलू
सगळ्यांचे आभार, धाग्याची वाचनखूण साठवली. काल दारव्ह्याला जाऊन आलो. केर्न, मॉसरिटर, आयर्नस्वॉर्न, लेझर्स अँड फीलिंग्ज घेतले, वाटाबूचे काही नकाशे छापले, कोलव्हिलचे भाग फोनमध्ये. तंबोला मावशींकडे निघाला. रविवारी केर्न चालवणार, लोणारची गोष्ट, गुलाबी पाण्याची. एक्स-कार्डला कृषी केंद्रवाला आधी हसला, मग त्यानेच पुठ्ठ्याचं नीट कापून आणलं.

एकच शंका. केर्नमध्ये रानडुकराने सहाचा फासा टाकला, इजा ५ आली आणि पात्राकडे जीव ३ च आहे. मेलं का ते? बहीण कंडक्टर सोडून आता वैदू झालीय, तिला आधीच सांगायचंय.

सातवी_ब_च्या_बाई
मेली नाही. आधी चिलखत असेल तर ते इजेतून वजा करा. नसेल तर जीव ३ चा शून्य, उरलेले २ ताकदीतून कापा. मग नव्या, कमी झालेल्या ताकदीवर वीसचा फासा. तेवढा किंवा खाली आला तर उभी आहे, लढू शकते. वर आला तर ती कोसळते, कसंबसं सरपटण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि तासाभरात कुणी मदत केली नाही तर मरते. ताकदच शून्य झाली तर मात्र तिथेच संपलं. आणि इजेने जीव बरोब्बर शून्यावर आला, ना कमी ना जास्त, तर व्रणांचा तक्ता बघायचा, तो छापला नसेल तर नक्की छापा, सगळ्यात मजेशीर पान तेच आहे.

वैदू तीच असेल तर दुसऱ्या कुणाच्या तरी सामानात पट्ट्या ठेवायला लावा.